पोरगं वाचतंय की नुसतं पाठ म्हणतंय? पहिली-दुसरीतच ओळखा

नमस्कार मंडळी, आज वाचनावर बोलू. म्हणजे वाचनसंस्कृती, पुस्तकप्रेम वगैरे मोठं काही नाही हां, एकदम साधी गोष्ट, पहिली-दुसरीतल्या पोराला समोरची ओळ वाचता येते का, आणि येत नसेल तर नेमकं कुठे अडतंय.

घरात पहिलीतलं पोरगं असेल तर आजच एक करून बघा. शाळेत झालेला धडा उघडून द्या, वाच म्हणा. घडाघडा वाचेल, आजी खुश, सगळे खुश. आता तिसऱ्या ओळीतल्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, हा कोणता शब्द? बरीच पोरं काय करतात माहितीये, पहिल्या ओळीपासून मनातल्या मनात पुटपुटत येतात, ओठ हलताना दिसतात, आणि त्या शब्दापाशी पोचली की मग सांगतात. काही तर नुसती वर छताकडे बघतात. म्हणजे ते वाचन नव्हतंच, पाठांतर होतं. आपली कविता चालीवर म्हणायची पद्धत मला स्वतःला फार आवडते, पण सगळा वर्ग एका सुरात म्हणत असताना कोण वाचतंय आणि कोण नुसतं सूर धरतंय ते बाईंना कळणार कसं?

म्हणून तपासायचं तर एकेकाला जवळ बसवून, तोंडी. लेखी पेपरचा इथे उपयोग नाही, कारण कोरी जागा दिसली की पोराला उत्तर येत नाही की प्रश्नच वाचता आला नाही, हे त्या पेपरवरून कळतच नाही.

याचं सगळ्यात ओळखीचं साधन म्हणजे 'असर'. प्रथम संस्था २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन ही पाहणी करते. वाचनाची चाचणी म्हणजे काय तर छोटासा मजकूर, त्यात सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. यातली हुशारी बघा, सुरुवात अक्षरांपासून नाही, परिच्छेदापासून करतात. तो नीट वाचला तर गोष्ट द्यायची, अडखळलं तर खाली शब्दांवर, तिथेही जमलं नाही तर अक्षरांवर. पाच शब्द वाचायला सांगायचे, चार बरोबर आले की झालं. एका पोराला काही मिनिटं पुरतात. आपल्या शाळांमध्ये 'अध्ययन स्तर निश्चिती' म्हणतात ते साधारण हेच.

आता आकडा सांगते. सरकारी शाळेतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं 'असर'प्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात २०२२ ला १६.३ टक्के होती आणि २०२४ ला २३.४ टक्के. कोरोनात शाळा बंद होत्या त्यातून गाडी वर आलीये, हे मान्यच करायला पाहिजे, पण अजूनही चारातल्या तिघांना जमत नाहीये आणि मजकूर आहे दुसरीचा, पोरं आहेत तिसरीची.

"अहो येईल हळूहळू, आमचा पण उशिराच वाचायला लागला." हे प्रत्येक पालकसभेत ऐकायला मिळतं. काहींचं येतंही, नाही असं नाही. पण अमेरिकेत कॉनी जुएल यांनी ५४ मुलांचा पहिलीपासून चौथीपर्यंत माग काढला होता, १९८८ चा अभ्यास आहे, त्यात पहिलीच्या शेवटी वाचनात मागे असलेलं मूल चौथीच्या शेवटीही मागेच असण्याची शक्यता ०.८८, म्हणजे शंभरात ८८ निघाली. मुलं थोडी, भाषा इंग्रजी, त्यामुळे आकडा जसाच्या तसा इकडे चिकटवू नका. कारण मात्र इथलंच आहे. चौथीत गेलं की परिसर अभ्यास वाचायचा, गणितातली शाब्दिक उदाहरणं वाचायची, तिथे वाचायला शिकवायला कोणी थांबत नाही. पोरगं गणितात कच्चं नसतं, त्याला उदाहरणच वाचता आलेलं नसतं, आणि आपण त्याला गणिताची शिकवणी लावतो!

आता माझा आवडता भाग, चुका. "वाचता येत नाही" हे उत्तरच नाही हो, कसं येत नाही ते बघायचं.

(कार्ड दाखवते: मिरची)

हा शब्द घ्या. एक पोरगं म्हणतं "मरच". त्याला अक्षरं येतात, वेलांट्या गळतात. मराठीत पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि तिचा आवाज येतो नंतर, मग डोळा आधी वेलांटीवर जातो आणि गडबडतो, दुसरी वेलांटी निदान नंतर तरी येते. याला म, मि, मी असे जोडीजोडीने शब्द द्यायचे, पूर्ण बाराखडी परत घोकून घ्यायची नाही. दुसरं पोरगं म्हणतं "मि... र... ची" आणि थांबतं. विचारलं काय झालं, तर गप्प. याला सगळं ओळखता येतंय, जोडता येत नाहीये, ह्याच्याबरोबर पुस्तक बाजूला ठेवून आधी तोंडी खेळ खेळायचा, मी तुकडे बोलते तू शब्द सांग, "का-ग-द", काय झालं? आणि तिसरं "मि" बघितलं की बिनधास्त "मिठाई" ठोकून देतं. हे अंदाजपंचे वाचणारं. याला चित्र नसलेला मजकूर द्या, म्हणजे नजर शेवटच्या अक्षरापर्यंत जाते. तिघांच्या प्रगतिपुस्तकात शेरा एकच असतो, "वाचनाचा सराव आवश्यक". सराव कसला? तिघांचं औषध वेगळं आहे.

जोडाक्षरं आणि तो र तर विचारूच नका, सूर्य, चक्र, राष्ट्र, सुऱ्या, एका र ची किती सोंगं! त्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल.

वेगाचं थोडक्यात. लहान पोरांना वाचन आणि गणित नीट यावं यासाठीचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, त्यात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीला किमान ६० शब्द समजून वाचणं अशी अपेक्षा आहे. पण मोबाईलवर टायमर लावून पोरांची शर्यत लावू नका प्लीज. आपले शब्द लांब असतात, "शाळेतल्यांसाठीसुद्धा" हा एकच शब्द झाला की! वाचून झाल्यावर गोष्टीत काय घडलं ते विचारा.

आणि तपासलं, मग पुढे काय? इथेच सगळं बोंबलतं. माहिती भरली जाते, फोटो ग्रुपवर जातो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तोच धडा पुढे सुरू. खरं तर दुसऱ्या दिवशीचा तास बदलायला हवा, दिवसातला काही वेळ तरी पोरं इयत्तेप्रमाणे नाही तर स्तराप्रमाणे बसवायची, शब्दवाली एकत्र, परिच्छेदवाली एकत्र, मग एखादा चौथीतला दुसरीतल्यांबरोबर बसला तरी चालेल. याचा पुरावा आहे. मुंबई आणि वडोदऱ्याला बालसखी कार्यक्रमात तिसरी-चौथीतली मागे पडलेली पोरं रोज साधारण दोन तास वस्तीतल्याच एका ताईकडे शिकायची, आणि त्यांच्यात फरक पडल्याचं अभ्यासात दिसलं. तो अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, त्यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं.

आपल्या नाशिक जिल्ह्यात अजून एक भानगड आहे. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडला येतात, पोरं बरोबर, आणि शाळा मध्येच तुटते. परत आलेल्या पोराला वर्ग जिथे पोचलाय तिथे बसवू नका, ते जिथे थांबलं होतं तिथून घ्या. आणि घरी कोकणा, म्हणजे तिकडची आदिवासी बोली, बोलणाऱ्या पोराने चित्र बघून घरचा शब्द सांगितला तर तो बरोबरच धरायचा, तुम्ही वाचन तपासताय.

दोन-तीन महिने रोज नेमकं काम करूनही पोरगं हललंच नाही तर? आधी डोळे आणि कान तपासून घ्या, खरंच, चष्मा नाही म्हणून मागे राहिलेली पोरं असतात. मग डिस्लेक्सियाची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचायला-लिहायला शिकताना येणाऱ्या अडचणीची, शंका घ्यायची. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ती तपासायला 'डाली' नावाचं साधन मराठीतही बनवलंय, त्यातली प्राथमिक चाळणी शिक्षक करू शकतात, पण निदान तज्ज्ञच करणार, शेजारच्या काकू नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे येतं, त्यामुळे लपवण्यासारखं काही नाही.

तर आता कमेंटमध्ये सांगा, पोरगं कितवीत आहे आणि कोणता शब्द कसा वाचतं, अगदी चुकलेलं जसंच्या तसं टाइप करा. पोराचं आणि शाळेचं नाव नको. "वाचत नाही" एवढंच लिहिलंत तर मी परत विचारणार, कसं वाचत नाही?