थुंका, गिळू नका

(पहाट. रामबाग, इंदूर. अंधारी गल्ली, एकाच खिडकीत दिवा.)

सकाळचे साडेपाच. गल्लीत अजून दूधवालाही फिरकलेला नाही. या घरात मात्र लिटरभर पाणी उकळून कोमट व्हायला आलंय. त्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. चमचा चहाचा आणि सपाट, शीग लावायची नाही. वहिनी ढवळतात, चमचा पातेल्याला लागतो आणि त्या आवाजासरशी आतल्या खोलीत भाऊ उठून बसतात.

बसतात, पण बोलत नाहीत. रात्रभर घशात जे साठलंय ते आधी बाहेर काढायचंय.

(भाऊंचे हात. कागदाच्या कातरणीवर पेन्सिलीनं लिहितात.)

कातरणीवर दोनच शब्द आहेत. "खळ झाली."

ही खळ काय ते कळायला आपल्याला खजुरी बाजारात जावं लागेल.

(खजुरी बाजार. वह्यांचे गठ्ठे, हातगाड्या. बोळातलं दुकान.)

खजुरी बाजार म्हणजे इंदूरचा वह्या-पुस्तकांचा बाजार. शाळा उघडायच्या सुमाराला इथे पाय ठेवायला जागा नसते. त्याच्या पाठीमागच्या एका बोळात, जिन्याखाली, भाऊंचं बाइंडिंगचं दुकान आहे. दुकान आपलं म्हणायचं म्हणून. एक शिकंजा, एक कटर, एक फळी आणि बसायला दुहेरी गोणपाट. काम वडिलांपासून चालत आलेलं. शाळांचे हजेरीपट, व्यापाऱ्यांची खाती, वकिलांचे गठ्ठे. चातुर्मास जवळ आला की रामबागेतल्या, लोकमान्य नगरातल्या मराठी घरांतून पोथ्या यायच्या, सुटलेल्या पानांसकट, पिशवीत घालून.

(जवळून : पातेल्यात शिजणारी खळ.)

हे चित्रण जुलैतलं, भाऊंना बरं वाटू लागल्यानंतरचं. ते थोडं लांबलंय, पण कापायला आमचा हात धजला नाही. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा. गुठळी राहिली तर ती पुढे कापडाखाली फोडासारखी दिसते. मग मंद आचेवर, हात न थांबवता ढवळायचं. कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. आणि आता ही बोटं बघा. खळ चिमटीत घेऊन बोटं हळूच लांब केली, मध्ये तार धरली. लगेच तुटली तर खळ पातळ. तुटतच नाही, बोटाला लोंबते, तर घट्ट. घट्ट खळीत गार पाणी ओतणारा पोऱ्या भाऊंच्या दुकानात एक दिवस टिकत नसे. कोमट पाणी घालायचं, थोडं थोडं, घाई न करता.

भाऊंच्या घशात जे साठायचं त्याला त्यांनी पहिल्या दिवसापासून खळ म्हटलं. दवाखान्याच्या कागदावर त्याला "घट्ट स्राव" असं म्हटलंय. दोन्हींतला कुठला शब्द जास्त अचूक, ते तुम्हीच ठरवा.

(भिंतीवर खिळ्याला टांगलेली पांढरी जाळी. माणसाच्या चेहऱ्याचा आकार.)

भाऊंच्या जिभेच्या मुळाशी कॅन्सरची गाठ. तीस वर्षं तंबाखू मळलेली, मध्ये काही वर्षं गुटख्याचा पाउच. १ एप्रिल २०१२ ला मध्य प्रदेशात गुटख्यावर बंदी आली, २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांखाली देशात सगळ्यात आधी. भाऊंनी पाउच सोडला आणि पुन्हा तंबाखूवर आले. डिसेंबरात गाठ कळली, जानेवारीत उपचार सुरू झाले. दुकान सहा महिने बंद राहिलं, वहिनींच्या पाटल्या गेल्या.

दवाखान्यात कॅमेरा नेऊ दिला नाही, त्यामुळे आतलं काही तुम्हाला दाखवता येणार नाही. ही जाळी मात्र घरी आली. सपाट पत्रा असतो, प्लास्टिकचा. गरम पाण्यात बुडवला की मऊ होतो, चेहऱ्यावर ओढून बसवतात, काही मिनिटांत कडक होतो. किरणांचा नेम चुकू नये म्हणून रोज हीच जाळी घालून माणसाला टेबलाला जखडतात. भाऊंना ती पहिल्या दिवशी भयंकर वाटली नाही, उलट त्यांनी कातरणीवर विचारलं होतं, की पाणी किती गरम लागतं?

पस्तीस सिकाया. इंदुरात रेडिएशनला सगळे सिकाईच म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे. शिवाय आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन.

(आकृती : गाल, जबडा, जिभेखालच्या ग्रंथी.)

तोंडात लाळ सगळीकडून सारखी येत नाही. कानापुढे, गालात जी मोठी ग्रंथी आहे तिची लाळ पाण्यासारखी पातळ. जेवताना तोंडाला सुटतं ते पाणी मुख्यत्वे तिचं. जबड्याखालच्या ग्रंथींची लाळ त्याहून दाट, जिभेखालच्यांची आणखी दाट, आणि ओठांच्या-गालांच्या आतल्या शेकडो बारक्या ग्रंथींची तर चिकटच. निरोगी माणसाची दिवसाची लाळ अर्धा ते दीड लिटर भरते. किरणांपुढे पहिली हार खाते ती पातळ लाळ तयार करणारी पेशी. एक-दोन आठवड्यांतच पाणी आटतं, चिकटा उरतो. घसा सोललेला असतो, त्यामुळे तोही गिळवत नाही. म्हणजे कफ वाढतो असं नाही, त्याला पातळ करणारं पाणीच गेलेलं असतं.

ही ग्रंथी वाचवता येते का? काही रुग्णांत, बऱ्यापैकी. ब्रिटनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आयएमआरटी या पद्धतीनं किरणांची तीव्रता जागेनुसार कमी-जास्त करून गालातली ग्रंथी वाचवली. वर्षभरानं त्रासदायक कोरड जुन्या पद्धतीत ७४ टक्क्यांना होती, नव्या पद्धतीत ३८ टक्क्यांना. उपचार ठरतानाच डॉक्टरांना विचारायची गोष्ट आहे ही. भाऊंच्या घरी हे कुणाला माहीत नव्हतं.

(मोबाइलवरचं चित्रण : राजवाडा, रंगपंचमीची गेर म्हणजे मिरवणूक, टँकरमधून उडणारा रंग.)

शेवटची सिकाई मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाली. पुतण्यानं हार आणला, पेढे वाटले. सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण सिकाईचा त्रास सिकाई संपल्यावरही एक-दोन आठवडे चढतच असतो. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर निघाली, पुतण्यानं तिथून हे चित्रण पाठवलं. त्या दिवसाचं भाऊंचं चित्रण आमच्याकडे नाही.

(टेबलावर डिस्चार्जचा कागद. वहिनींचं बोट एका ओळीवर.)

हा कागद पाहा. औषधांची नावं सात. आणि इथे, तळाशी, "मिठाच्या पाण्याच्या गुळण्या". बस्स. किती वेळा, जेवणाआधी की नंतर, आणि ते गिळायचं की थुंकायचं, यातलं काही नाही. सात आठवड्यांत वहिनींना कुणी अर्धा तास बसवून हे सांगितलं नाही. दवाखान्याचं नाव आम्ही घेत नाही, कारण असा कागद फक्त एकाच ठिकाणी मिळतो असं आम्हाला वाटत नाही.

(शंभरपानी वही. कापडी कणा, नीट कापलेल्या कडा.)

वहिनी सुट्या कागदांवर टिपणं ठेवायच्या. सुटे कागद भाऊंना बघवेनात. नाकात नळी, मांडीवर उशी, अशा अवस्थेत त्यांनी ही वही शिवून दिली.

पान उघडू या. "पहाटे नळीतून दूध. पंधरा मिनिटांत ओकारी." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गोळी वाढवली, ओकारी तीच. चौथ्या दिवशी दुधाऐवजी मुगाचं पाणी, तरी ओकारी. मग पाचव्या दिवसाची नोंद. त्या दिवशी भाऊंना नळीच्या आधी जोराचा ठसका लागला, तारेसारखा चिकटा वाटीभर पडला. "आज ओकारी नाही."

वहिनींनी हा धागा पकडला. सिस्प्लॅटिनची मळमळ वेगळी. ती सलाईनच्या दिवशी येते, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तिच्यावर गोळी लागू पडते. पण सलाईन संपून तीन आठवडे उलटले होते. आता उमासे येत होते ते घशाच्या मागे लोंबणाऱ्या चिकट्यानं, आणि रात्रभर नकळत गिळलेला तोच चिकटा पोटात जाऊन बसल्यानं. त्यावर नुसती गोळी काय करणार? शिवाय ऑन्डनसेट्रॉननं, म्हणजे त्या मळमळीच्या गोळीनं, शौचाला घट्ट होतं, वेदनेच्या औषधानं आणखी घट्ट, आणि कोठा तुंबला की पुन्हा मळमळ.

(सलग दृश्य, न कापता. वहिनी आणि भाऊ.)

आता क्रम बघा.

आधी नुसत्या कोमट पाण्याची चूळ, कोरडं झालेलं सुटावं म्हणून. मग सोड्याचं पाणी. खळखळ नाही, तोंडात धरून हळू फिरवायचं, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तोंड आलेलं असेल आणि मीठ झोंबत असेल तर मीठ वगळून फक्त सोडा. दुकानातलं झणझणीत माउथवॉश मुळीच नाही, त्यात बहुधा अल्कोहोल असतं. मग पुढे वाकून, घसा न खाकरता, "हा... हा..." असा उघड्या तोंडानं श्वास टाकायचा. खाकरलं की सोललेला घसा आणखी सोलतो.

"अहो, गिळू नका. थुंका."

हे वाक्य वहिनी दिवसातून किती वेळा म्हणतात, ते आम्ही मोजायचं सोडून दिलं. गंमत अशी, की तीस वर्षं दुकानाबाहेरच्या नालीत पिचकाऱ्या मारणाऱ्या या माणसाला घरात, बायकोसमोर वाटीत थुंकायची लाज वाटते. तोंड वळवतात. वहिनी वाटी वळवतात.

तार तुटत नसेल तर ओलं गॉज बोटाला गुंडाळून ती बाहेर ओढून घ्यायची, घशात बोट न घालता. ज्यांना हेही जमत नाही त्यांच्यासाठी छोटं सक्शन मशीन भाड्यानं मिळतं. भाऊंकडे दोन आठवडे होतं, आवाज आटाचक्कीसारखा.

तोंड मोकळं झालं की डॉक्टरांनी दिलेली मळमळीची गोळी कुटून नळीतून. मग अर्धा तास थांबायचं. वहिनी तेवढ्यात केर काढतात. नंतर नळीवरची खूण नाकाशी जिथल्या तिथे आहे ना ते पाहायचं, नळीत थोडं पाणी सोडायचं आणि मग पातळ, गाळलेला, कोमट आहार. फार तर दोनशे मिली. पिचकारीचा दट्ट्या काढून ठेवलाय, बघा. नळकांडं हातभर वर धरायचं, आपल्या वजनानं उतरू द्यायचं, वीस-पंचवीस मिनिटं. आधी पुतण्या दट्ट्या दाबून पाच मिनिटांत मोकळा व्हायचा, आणि मग सगळं बाहेर यायचं. शेवटी पुन्हा पाणी. त्यानंतर पाऊण तास आडवं व्हायचं नाही. भाऊ इथे, खिडकीशी बसतात.

दूध कफ वाढवतं असं शेजारच्या प्रत्येक काकू सांगून गेल्या. दुधानं कफ तयार होत नाही. काहींच्या तोंडात ते चिकटून राहतं, एवढं खरं. नळीतून जाणाऱ्याला तोही प्रश्न नाही.

(खिडकी. फटीत कोंबलेला ओला टॉवेल. बाहेर पोह्यांची गाडी, वाफ.)

सातला कोपऱ्यावर पोह्यांची गाडी लागते. उकळत्या पातेल्यावर परात, वर पिवळा डोंगर, बडीशेपेचा वास, शेजारी जिलेबीची कढई. तेलाचा वास आला की भाऊंचं पोट ढवळतं. म्हणून हा टॉवेल. घरातली फोडणीही चार महिने बंद होती. वहिनी जावेकडे जाऊन जेवून येत.

रात्री डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा, म्हणजे पलंगाला उतार. एप्रिलपासून कूलर, कोरड्या हवेत चिकटा वाळून खपली धरू नये म्हणून; पाणी रोज बदलायचं. कढत वाफारा मात्र घ्यायचा नाही, मानेची कातडी आधीच भाजलेली असते.

वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं फोनचा नंबर आहे आणि खाली, कधी फोन करायचा त्या नोंदी. ताप, जिभेवर पांढरा थर, रक्त, दिवसभर पोटात काही न ठरणं. श्वास अडकला तर फोनही नाही, रिक्षा.

(नोंदीच्या पानांवरून सरकणारा कॅमेरा. निवेदन नाही. कूलरचा आवाज.)

एप्रिल, थुंकणं रात्रीत अकरा वेळा. मे, सात. मेच्या शेवटी नळी निघाली. जुलै, चार.

(जुलै. पाऊस. खिडकी उघडी.)

आज टॉवेल काढलाय. गाडीवरून पोहे आणलेत. वहिनी त्यावर गरम पाणी शिंपडून, झाकून, पार लगदा करतात. भाऊ घास घेतात. बराच वेळ घोळवतात. वर पाण्याचा घोट.

"चव?" वहिनी विचारतात.

भाऊ डोकं हलवतात. नाही.

वहिनींचा हात सवयीनं जीरावणाच्या, पोह्यांवरच्या तिखट मसाल्याच्या, डबीकडे जातो. चिमूटभरच पडतं. भाऊंचे डोळे पाण्यानं भरतात, एक हात तोंडावर, दुसरा सोड्याच्या बाटलीकडे. चूळ भरतात, वाकतात. वहिनी वाटी पुढे करतात.

भाऊ कातरण ओढून लिहितात, "तिखट कळलं."