नागा: सभागृहात लोकांची खुर्ची

(पहाट. शाळेचं आवार. अजून दिवे चालू.)

१२ मे २०२५. पहाटेचे पाच. फिलिपिन्समधल्या नागा शहरात शाळेच्या फाटकाशी रांग लागली आहे. पुढे आजीआजोबा, त्यांच्यामागे चाकाच्या खुर्च्या, पोटाला हात लावून उभी असलेली एक तरुण बाई. पाच ते सात हे दोन तास ज्येष्ठ, अपंग आणि गरोदर बायकांसाठी राखून ठेवले आहेत. बाकीच्यांची पाळी सातनंतर.

(शहरावरून फिरणारा कॅमेरा. मागे डोंगर.)

मागे दिसतो तो इसारोग, ज्वालामुखी आहे. खाली नागा. लुझोन बेटाच्या आग्नेय टोकाकडे, बिकोल भागातलं हे शहर. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या दोन लाख नऊ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम नगरपालिकेएवढी. शहराचे भाग २७. त्यांना इथे ‘बारांगाय’ म्हणतात आणि प्रत्येक बारांगायला स्वतःची निवडून आलेली छोटी पंचायत असते. नागाभोवती कामारिनेस सुर हा प्रांत आहे, पण नागाचे मतदार प्रांताचा गव्हर्नर निवडत नाहीत. शहराचा कारभार स्वतंत्र आहे.

(वर्ग. बाकं. मतपत्रिकेचा जवळून शॉट.)

मतपत्रिका बघा किती लांब आहे. देशाचे बारा सिनेटर, एक पक्षयादी (इथे माणसाला नाही, गटाला मत), एक खासदार, मग महापौर, उपमहापौर आणि शेवटी दहा नगरसेवक. सगळं एकाच दिवशी, एकाच कागदावर. नावापुढचा लंबगोल पेनाने पूर्ण भरायचा. इतकी नावं कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून लोक घरूनच चिठ्ठी लिहून आणतात. तिला म्हणतात ‘कोडिगो’. या काकूंच्या मुठीत आहे ती बघा, घामाने भिजलेली.

टेबलामागे बसलेल्या तिघी सरकारी शाळेतल्या शिक्षिका आहेत. एरवी याच वर्गात त्या मुलांना शिकवतात.

(यंत्र कागद आत ओढतं.)

भरलेली पत्रिका मतदार स्वतःच्या हाताने यंत्रात सरकवतो. यंत्र ती वाचतं आणि एक पावती बाहेर देतं. आपण दिलेली नावंच छापली आहेत का, हे मतदाराने उभ्या उभ्या तपासायचं आणि पावती पेटीत टाकायची. घरी न्यायची नाही. मग उजव्या तर्जनीच्या नखाला शाई. २०१०पासून देशभर मतमोजणी यंत्रावर होते. वेळ संपली की हेच यंत्र याच खोलीत निकाल छापतं आणि त्याची एक प्रत सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते.

(महापालिकेची इमारत, दिवसा.)

आपल्या महापालिकांमध्ये महापौराला नगरसेवक निवडतात आणि खरी सही असते आयुक्तांची. इथे महापौर थेट लोकांनी निवडलेला, आणि प्रशासनही त्याच्याच हाती. उपमहापौर वेगळ्या मतांनी निवडून येतो आणि नगरसेवकांच्या सभागृहाचं अध्यक्षपद त्याच्याकडे असतं. या सभागृहाचं नाव ‘सांगुनियांग पानलुंगसोद’. महापौर एका पक्षाचा आणि उपमहापौर दुसऱ्याचा, असंही होतं. मुदत तीन वर्षांची. सलग तीनदा निवडून आलात की चौथ्यांदा उभं राहता येत नाही, हे १९८७च्या राज्यघटनेतच लिहिलं आहे. १९९१च्या कायद्याने शहरांना, प्रांतांना आणि बारांगायांना मिळून राष्ट्रीय महसुलात चाळीस टक्के वाटा दिला. त्यामुळे नागासारख्या शहराच्या महापौराची खुर्ची ही नुसती फीत कापायची खुर्ची राहिली नाही.

(जुने फोटो. एक तरुण, साधा शर्ट.)

हे जेसी रोब्रेडो. १९८८च्या जानेवारीत महापौर म्हणून निवडून आले तेव्हा वय २९. साध्या कपड्यांत, पायात रबरी चपला घालून शहरभर फिरायचे. पूर ओसरला की फावडं घेऊन स्वतः चिखल उपसायचे. चपलेला तिथे ‘चिनेलास’ म्हणतात. त्यांच्या पद्धतीला लोकांनी नावच दिलं: चिनेलास नेतृत्व.

चपलांचे फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. आम्हाला मात्र तुम्हाला एक कागद दाखवायचा आहे.

(दप्तर. पिवळी पडलेली पानं. हळू.)

१९९५. नागाच्या सभागृहाने एक ठराव कायदा म्हणून मंजूर केला. शहरातल्या संस्था-संघटनांनी एकत्र यावं, आपली ‘लोकपरिषद’ करावी आणि या परिषदेचे प्रतिनिधी नगरसेवकांच्या समित्यांमध्ये बसावेत. नुसतं मागच्या बाकावर बसून ऐकायचं असं नव्हे. त्यांनी चर्चा करायची, प्रस्ताव मांडायचे, आणि समितीच्या पातळीवर मतही द्यायचं. झोपडपट्टीतल्या संघटना, शेतकरी, महिला, ज्येष्ठ नागरिक, वाहनचालक, प्रत्येक गटाने आपला माणूस आपणच पाठवायचा. महापौराने नेमायचा नाही.

हे पुन्हा सांगावंसं वाटतं. नेमणूक महापौराची नाही. निवडणुकीत कोण हरलं, कोण जिंकलं, तरी परिषद राहते, कारण ती शहराच्या कायद्यात आहे. एखादा प्रस्ताव पूर्ण सभागृहापुढे जाण्याआधी समितीच्या टेबलावरून जातो, आणि त्या टेबलाशी एक खुर्ची अशा माणसाची असते ज्याला कुणाच्या तिकिटाची गरज नाही. देशाच्या कायद्यातही स्थानिक विकास मंडळावर किमान पाव जागा संस्थांच्या प्रतिनिधींना द्याव्या लागतात. नागा त्याच्या पुढे गेलं आणि सभागृहाचंच दार उघडलं.

(वस्ती. अरुंद गल्ली. दोरीवर कपडे.)

ही वस्ती बघा. १९८९मध्ये शहराने गरिबांच्या घरांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. नाव ‘काअनताबाय सा काउस्वागान’, म्हणजे विकासातले सोबती. जमीनमालक एकीकडे, झोपडीवाले दुसरीकडे, मध्ये पालिका. कधी आहे ती जागाच रहिवाशांनी मिळून विकत घ्यायची, कधी मालकाला दुसरी जमीन देऊन अदलाबदल करायची. बुलडोझर आणण्याआधी बैठक बोलवायची.

इथे मुंबईची आठवण येते, ती उगाच नाही. २००० साली जेसी रोब्रेडो यांना शासकीय सेवेसाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मॅगसेसे मिळालेल्यांत आणखी एक नाव होतं: जॉकिन अर्पुथम. मानखुर्दच्या जनता कॉलनीतून झोपडपट्टीवासीयांची चळवळ उभी करणारे जॉकिन. एक महापौर, एक झोपडीवाला. दोघेही आपापल्या शहरात हेच सांगत होते, की गरिबांच्या घराचा निर्णय गरिबांना समोर बसवून घ्या.

(नदी. मेणबत्त्या. निवेदन थांबेल. वीस सेकंद फक्त नदीचा आवाज.)

१८ ऑगस्ट २०१२. मासबाते बेटाजवळ समुद्रात विमान कोसळलं. त्यात जेसी रोब्रेडो गेले. तेव्हा ते देशाचे गृह आणि स्थानिक शासन मंत्री होते.

(भिंतीवर पाण्याची रेघ, माणसाच्या छातीएवढी.)

ही रेघ ऑक्टोबर २०२४ची. क्रिस्तीन वादळाने नागाचा मोठा भाग पाण्यात गेला होता. मतदानाच्या दिवशीही काही भिंतींवर ती पुसलेली नव्हती.

(प्रचार. जीपवर भोंगे. मग गुलाबी टी-शर्ट.)

लेनी रोब्रेडो. वकील, जेसींच्या पत्नी. नवऱ्यामागून २०१३मध्ये खासदार, २०१६मध्ये देशाच्या उपराष्ट्राध्यक्ष. २०२२मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची लढत हरल्या आणि गावी परतल्या. एका घरातून दुसरा महापौर, यावर बोट ठेवणारे ठेवतील. घटनेत घराणेशाहीला मनाई आहे, ती अमलात आणणारा सर्वंकष कायदा या निवडणुकीपर्यंत संसदेने केलेला नव्हता. पण त्या खासदार झाल्या तेव्हा त्यांच्या महत्त्वाच्या विधेयकांपैकी एक होतं नागाची लोकपरिषद देशभर नेण्याचं. आम्ही त्यांच्याकडे बघतो ते या विधेयकामुळे.

(शाळेचा वर्ग, रात्र. यंत्रातून लांब कागद बाहेर येतो.)

मतदान संपलं. यंत्र निकाल छापतंय. शिक्षिका चष्मा वर करून आकडे वाचतात, बाहेर उभे असलेले मोबाईलवर फोटो काढतात.

लेनी रोब्रेडो मोठ्या मताधिक्याने महापौर. नागाच्या इतिहासात पहिली स्त्री. उपमहापौर गॅब्रिएल बोर्दादो. शपथ ३० जूनला.

(सभागृह. रिकाम्या खुर्च्या. एक बाई येऊन बसते, पिशवीतून कागद काढते.)

या नगरसेवक नाहीत. मतपत्रिकेवर यांचं नाव नव्हतं. समितीची बैठक दहा मिनिटांत सुरू होईल, आणि वस्तीतल्या गटाराबद्दलचा मजकूर त्या पुन्हा एकदा वाचून घेत आहेत.