तिकिटाचा प्रवास

हे पान बघा. हार्वर्डच्या मार्क टू कॉम्प्युटरची नोंदवही, तारीख ९ सप्टेंबर १९४७. चिकटपट्टीखाली जो दिसतोय तो खराखुरा पतंगाचा किडा आहे, मशीनमध्ये अडकलेला. कॉम्प्युटरमधल्या चुकीला 'बग', म्हणजे किडा, म्हणतात, त्यामुळे हा किस्सा प्रसिद्ध आहे, पण कॅमेरा जरा बाजूच्या अक्षरांवर. वेळ १५:४५, रिले (म्हणजे विजेवर चालणारा स्विच) नंबर ७०, पॅनल एफ. कधी, नेमकं कुठे, आणि पुरावा सोबत चिकटवलेला. "ॲप चालत नाहीये, बघा जरा" असं एका ओळीचं तिकीट, म्हणजे बिघाडाची तक्रार, टाकणाऱ्यांनी हे पान एकदा नीट वाचावं.

आता हा स्क्रीन, दिसायला अगदीच जुनाट. बगझिला, अशा तिकिटांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. १९९८ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या टेरी वाइसमनने लिहिलं, आधी टीसीएल या प्रोग्रॅमिंग भाषेत मग पर्लमध्ये, आणि मुख्य म्हणजे कोड सगळ्यांना खुला, फुकट. तिकीट आलं की त्यावर पहिला शिक्का 'अनकन्फर्म्ड', मग कुणीतरी आपल्या मशीनवर तोच घोळ करून बघतं, झाला तर पुढे कुणाच्या तरी नावावर जातं, तो दुरुस्त करतो, आणि तरीही संपलं नाही बरं का, टेस्टिंगवाला परत तपासणार, मगच 'व्हेरिफाइड'. मध्येच 'डुप्लिकेट' निघतं, म्हणजे तीच तक्रार आधीच कुणीतरी टाकलेली. आणि हे इथे, 'वर्क्सफॉरमी', म्हणजे माझ्याकडे तर चालतंय ब्वा, यावरून किती वाद झाले असतील विचारूच नका.

हा कानबान बोर्ड, एकेक काम एकेका कार्डावर. कार्डं डावीकडून उजवीकडे सरकतायत. ही पद्धत टोयोटाच्या कारखान्यातली, ताइची ओनो यांनी बसवलेली, तिथे कार्ड आल्याशिवाय मागचा विभाग पुढचा माल बनवायचाच नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी कार्डं उचलली, एका वेळी किती काम घ्यायचं ही मर्यादा बऱ्याचदा तिथेच राहिली. हा मधला 'डूइंग', म्हणजे चालू कामांचा, कॉलम बघा, आणखी एक आलं, अजून एक, खाली स्क्रोल करावं लागतंय.

अशी तिकिटं आणि कार्डं सांभाळणारी आणखी दोन सॉफ्टवेअर: जिरा २००२ मध्ये आलं, ट्रेलो २०११ मध्ये, आणि २०१७ मध्ये जिरावाल्या ॲटलासियननेच ट्रेलो विकत घेतलं. पुढे किती तिकिटं बंद केली यावरून माणसंच मोजायला लागले काही ठिकाणी, टीम वैतागल्या, असो.

शेवटचा स्क्रीन, उबुंटू या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमचा बग नंबर १. तिचा संस्थापक मार्क शटलवर्थने २००४ मध्ये टाकलेला, तक्रार काय तर बाजारात मायक्रोसॉफ्टचाच बोलबाला आहे. खाली कमेंटांची ही रांग, आजही कुणीही उघडून वाचू शकतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. २०१३ मध्ये त्यानेच तो बंद केला, उबुंटू जिंकलं म्हणून नाही, लोक फोन आणि टॅबलेटकडे वळले म्हणून.