पंचांगात सापडणारी वीज

श्रोतेहो, नमस्कार.

समुद्राच्या भरती-ओहोटीपासून वीज मिळते, त्याबद्दल आज बोलायचं आहे. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटरवर, आणि इथे उन्हाळा लागला की घरोघर एकच चौकशी असते, उजनी धरणाचा साठा वजा किती झाला. तरीही या विषयाशी सोलापूरचं नातं आहे, आणि एक नाही, दोन. त्यातलं एक आत्ताच सांगतो. महाराष्ट्रात घरोघरी भिंतीला लटकणारं दाते पंचांग आपल्या गावातून निघतं. आणि भरतीची वीज ही पंचांग पाहून वेळ सांगता येईल अशी वीज आहे.

मागे मी अलिबागजवळच्या एका खाडीवर गेलो होतो. सकाळचे नऊ वाजले असतील. पाणी पार उतरलेलं, होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या. जाळं सांधत बसलेल्या एका कोळीकाकांना विचारलं, पाणी कधी येणार? वर न बघता ते म्हणाले, "आज चौथ. तीनला भरेल." हिशेब साधा आहे. तिथीची पाऊणपट करायची. चौथ म्हणजे तीन, अष्टमी म्हणजे सहा. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची वेळ साधारण अशीच निघते. मी मुद्दाम थांबलो. दुपारी खाडी भरू लागली आणि त्या आडव्या पडलेल्या होड्या एकेक करून उठून उभ्या राहिल्या. कितीतरी टन वजन पाण्यानं आवाज न करता उचललं होतं. ते पाहिल्यापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

हे पाणी मुख्यतः चंद्र ओढतो, सूर्य त्याला हातभार लावतो. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमाराला पाणी कमी चढतं, त्याला कोळी लोक भांग म्हणतात. पुढच्या वर्षी अमुक दिवशी ढग असतील का, वारा पडेल का, हे कुणी सांगू शकत नाही. भरती मात्र कित्येक वर्षं आधी मांडून ठेवता येते.

याची किंमत आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये रात्रपाळीला उभं राहिलं की कळते. लाइट गेली की आडवा धागा नेणारा धोटा अर्ध्या वाटेत थांबतो. लाइट आल्यावर माग सुरू केला की नेमक्या त्या जागी कापडावर आडवी रेघ उमटते आणि चादर सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात, जाते. आपल्याकडे ऊन भरपूर आहे, सौर वीज वाढलीच पाहिजे. पण सूर्य मावळल्यावरही माग चालतात.

फ्रान्समध्ये रांस नदीच्या मुखावर १९६६ साली बांध घालून भरतीचं वीजकेंद्र सुरू झालं. बांधातून आत-बाहेर होणाऱ्या पाण्यावर फिरणारी, १० मेगावॉटची एक अशी २४ यंत्रं, एकूण २४० मेगावॉट. बांधावरून रस्ता जातो, लोक रोज त्यावरून ये-जा करतात, आणि केंद्र आजही वीज देतं आहे. भरती आणि ओहोटीच्या पातळीत जितकं अंतर जास्त, तितकी वीज जास्त. अंतर दुप्पट झालं तर वीज चौपट. म्हणून आपल्या कोकणापेक्षा गुजरातचं नाव पुढे येतं. खंबातच्या आखातात हे अंतर ११ मीटरपर्यंत जातं, म्हणजे तीन मजली घराएवढं पाणी चढतं आणि उतरतं. तिथली क्षमता ७००० मेगावॉट, कच्छच्या आखातातली १२०० मेगावॉट धरली गेली आहे. आपल्या आहेरवाडीजवळचा एनटीपीसीचा औष्णिक वीजप्रकल्प १३२० मेगावॉटचा आहे, त्यावरून अंदाज करा.

मग घोडं अडलं कुठे? आधी पैशांपाशी. सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवर ३.७५ मेगावॉटचा छोटा प्रकल्प ठरला होता. खर्चाचा अंदाज २३८ कोटींवर गेला, मेगावॉटमागे ६३ कोटींच्या वर, आणि तो गुंडाळला गेला. कच्छमध्ये २०११ साली ५० मेगावॉटचा प्रकल्प जाहीर झाला, तोही उभा राहिला नाही. शिवाय वेळ ठरलेली असली तरी ती आपल्या सोयीची नसते. आज संध्याकाळी सहाला मिळालेली वीज आठवड्यानं मध्यरात्री मिळते, आणि भांगाच्या दिवसांत ती खूपच कमी होते. रांसचं केंद्रसुद्धा वर्षभरात पूर्ण क्षमतेच्या चौथाईएवढीच वीज देतं. खंबातला नर्मदा, तापी, मही, साबरमती गाळ आणून ओततात. गाळानं धरणाचं काय होतं, हे उजनीकाठच्या माणसाला मी सांगायला नको.

पण मला सगळ्यात जास्त काळजी खाडीची वाटते. खाडी म्हणजे मासळीचं बाळंतघर. रांसचा बांध घालताना मुख जवळजवळ तीन वर्षं बंद होतं. आतली जीवसृष्टी मेली, आणि सावरायला दहाएक वर्षं गेली. ज्या कोळीकाकांनी मला तिथीचा हिशेब शिकवला, त्यांची खाडी अशी बंद करून मिळणारी वीज मला नको.

वाट नाही असं नाही. दक्षिण कोरियात सिह्वा इथे १९९४ साली गोड्या पाण्यासाठी समुद्र अडवणारी भिंत घातली. आतलं पाणी कारखान्यांच्या आणि गटारांच्या घाणीनं सडलं. त्याच भिंतीत पुढे यंत्रं बसवली, २०११ साली २५४ मेगावॉटचं जगातलं सर्वांत मोठं भरती-वीजकेंद्र सुरू झालं, आणि समुद्राचं पाणी आत-बाहेर होऊ लागल्यानं तळंही सुधारलं. स्कॉटलंडच्या उत्तरेला तर बांधच नाही. समुद्राच्या तळाशी पवनचक्कीसारखी चार यंत्रं प्रवाहात उभी आहेत, मिळून ६ मेगावॉट. पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून जड, त्यामुळे लहान पात्यांनाही जोर मिळतो. आपल्याकडे सुरुवात व्हावी ती अशीच, लहान आणि खाडी मोकळी ठेवून.

आता दुसरं नातं. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. सगळ्या देशाचं जाळं एक झालं ते आपल्या दारात. खंबातला यंत्र फिरलं तर त्याची वीज याच जाळ्यात येणार आहे. म्हणून दुर्गादुआनी आणि कच्छच्या त्या मिटलेल्या फायली पुन्हा उघडा, ही मागणी सोलापूरकरानंही करायची आहे. उघडताना मात्र समोरच्या खुर्चीवर किनाऱ्यावरचा मच्छीमार बसलेला असावा, आणि पाणी कधी भरतं हे आधी त्याला विचारावं.

नमस्कार.