इकडे तह, तिकडे तोफा

नमस्कार मंडळी! 'युद्धात जिंकले, पण तहात हरले' हे वाक्य आपण किती सहज वापरतो. त्यात एक गोष्ट आपण धरूनच चालतो, की आधी लढाई थांबते आणि मग मंडळी तहाला बसतात. आजचा तह तसा नाही. इथे जवळपास पाच वर्षं बोलणी चालली आणि तेवढी वर्षं तोफाही चालल्या.

वेस्टफालियाचा तह, १६४८. युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध यानं संपवलं. त्या युद्धाची ठिणगी पडली प्रागमध्ये. २३ मे १६१८ ला चिडलेल्या प्रोटेस्टंट (म्हणजे पोपला न मानणाऱ्या ख्रिस्ती) सरदारांनी पवित्र रोमन सम्राटाच्या, म्हणजे जर्मन संस्थानांवरच्या कॅथलिक बादशहाच्या, दोन कारभाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकलं. तिघंही वाचले, बरं का! प्राग लक्षात असू द्या.

(नकाशा) ही जर्मनीतली दोन शहरं, म्युन्स्टर आणि ओस्नाब्रुक. अंतर साधारण ५० किलोमीटर. सम्राटाविरुद्ध लढणाऱ्या फ्रान्सचे वकील म्युन्स्टरला, त्याच्या जोडीदार स्वीडनचे ओस्नाब्रुकला, आणि सम्राटाची माणसं दोन्हीकडे. हा खटाटोप कशासाठी? म्युन्स्टरला मध्यस्थी करणारा पोपचा दूत फाबिओ किजी प्रोटेस्टंटांशी बोलायलाच तयार नव्हता. शिवाय फ्रान्स आणि स्वीडन एका ठिकाणी आले, तर पहिला मान कुणाचा? लग्नात रुसून बसलेले व्याही आठवा, तसलाच प्रकार. सगळे वकील एका दालनात असे कधी बसलेच नाहीत. घोडेस्वार कागद घेऊन हेलपाटे घालायचे.

युद्धबंदी होती ती या दोन शहरांपुरती आणि मधल्या रस्त्यांपुरती. बाकी मुलूख जळत होता. कारण उघड आहे: मागण्यांचा भाव रणांगणावर ठरत होता. मार्च १६४५ मध्ये बोहेमियात, म्हणजे प्रागच्या मुलखात, यान्काऊला स्वीडिश सेनापती टॉर्स्टेन्सननं सम्राटाची फौज मोडली, आणि त्याच वर्षी सम्राटानं आपला सगळ्यात विश्वासू माणूस, ट्राउटमान्सडॉर्फ, बोलणी करायला पाठवला. सम्राटाच्या बाजूनं लढणाऱ्या बव्हेरिया या जर्मन संस्थानाच्या माक्सिमिलियाननं १६४७ च्या मार्चमध्ये उल्मला वेगळी युद्धबंदी करून पाहिली. सहा महिन्यांत मोडली.

आता चला प्रागला. जुलै १६४८. तहाचा मसुदा बराचसा तयार आहे. आणि एका रात्री स्वीडिश सेनापती क्योनिग्समार्क नदीच्या डाव्या तीरावरचा अर्धा प्राग घेतो, किल्ल्यासकट. वाट दाखवणारा कोण, तर सम्राटाच्याच फौजेतला एक नाराज माजी अधिकारी. पलीकडचं शहर मात्र पडेना. चार्ल्स पुलावर विद्यार्थी आणि गावकरी अडून उभे राहिले. २४ ऑक्टोबरला म्युन्स्टरमध्ये सह्या झाल्या, तरी इथे वेढा चालूच! बातमी पोहोचून सगळं शांत व्हायला नोव्हेंबर उजाडला.

मला विचाराल तर स्वीडननं ही शेवटची स्वारी लुटीसाठीच केली. तह झाल्यावर हात मारता आला नसता ना! आधीच्या काळातल्या सम्राट दुसऱ्या रुडॉल्फनं जमवलेला खजिना जहाजांतून उत्तरेला गेला. त्यात एक ७५ किलोंचं हस्तलिखित होतं. अख्ख्या पानभर सैतानाचं चित्र आहे त्यात. ते आजही स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

आणि सैन्य? ते फुकट घरी जाणार नव्हतं. स्वीडिश सैनिकांचा पगार भागवायला जर्मन संस्थानांवर ५० लाख थालर (तिकडची चांदीची नाणी) बसवले गेले. वसुली होईपर्यंत ठाणी हलली नाहीत. जर्मनीतल्या फेख्टा गावातली शेवटची स्वीडिश तुकडी निघाली १६५४ मध्ये, सह्या होऊन पाच वर्षं उलटून गेल्यावर.