दोन पणत्या आणि एक बाण

(दृश्य: अंधारी खोली. टीव्हीखालच्या फळीवर दोन पणत्या.)

पुण्यात कसबा पेठेतला जुना वाडा, दुसरा मजला. दिवाळी होऊन आठवडा उलटलाय, तरी या खोलीत अजून दोन पणत्या लागतात. मधे वीतभर अंतर. पंखा बंद, खिडकी बंद. मामा कॉटवर मांडी घालून बसलाय. त्याच्या हातात पांढरा रिमोट आहे आणि पडद्यावर माउसचा बाण किंचित थरथरतोय. ज्योत हलली की बाण हलतो.

(दृश्य: कन्सोल जवळून. कुरतडलेली वायर.)

हा निन्टेंडोचा वी, टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम. २००६ सालचं मॉडेल, जुन्या बाजारातून एका रविवारी उचललेलं. सोबत टीव्हीवर ठेवायची एक काळी पट्टी मिळाली होती. तिची वायर उंदरानं कुरतडली. पट्टी गेली म्हणजे रिमोटनं पडद्यावर रोखून काही निवडायचं कामच थांबलं, आणि मामाला तर नेमकं तेवढंच करायचं होतं.

त्या पट्टीला सगळे सेन्सर बार म्हणतात. नाव साफ चुकीचं आहे. तिच्यात सेन्सर नाही. दोन्ही टोकांना पाच-पाच एलईडी आहेत, डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकणारे. बस्स. कॅमेरा आहे तो रिमोटच्या नाकात. त्याला समोर दोन तेजस्वी ठिपके दिसले की ते कुठे सरकले यावरून रिमोट कुठे रोखलाय हे कळतं. वायरमधून माहिती वगैरे काही जात नाही, नुसती वीज जाते.

आता ज्योतीतून इन्फ्रारेड भरपूर निघतो. माजघरात दिवाळीच्या उरलेल्या पणत्या होत्याच.

(दृश्य: पडद्यावर बंदर, रात्र, निळा समुद्र.)

एवढा आटापिटा कशासाठी? या खेळासाठी. 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड', १९९०. चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, व्हायला निघालेला एक भाबडा पोरगा. खाली क्रियापदांची पाटी: उघड, ढकल, ओढ, उचल, बोल. क्रियापदावर क्लिक करायचं, मग वस्तूवर. घाई नाही, घड्याळ नाही. एखाद्या कोड्यावर आठवडाभर अडकलात तरी तो पोरगा धक्क्यावर उभाच असतो.

मामानं हा पहिल्यांदा खेळला कोथरूडला, मित्राकडे, फ्लॉपीवर. खेळ सुरू करताना चाच्याचा चेहरा दिसायचा आणि एक साल विचारलं जायचं. उत्तर पाकिटातल्या कागदी चकतीवर. कपाळ आणि हनुवटी जुळवली की साल मिळायचं. ती चकती हरवली तेव्हा दोघं अख्खी सुट्टी रडले होते, असं आजी सांगते. मामा म्हणतो, एकटा मित्रच रडला.

हे खेळ ज्यावर बांधले त्या यंत्रणेचं नाव स्कम (SCUMM). 'मॅनियाक मॅन्शन' या १९८७ च्या खेळासाठी ती लिहिली गेली, म्हणून नावातले शेवटचे दोन एम त्या खेळाचे. स्कम म्हणजे मळी, गूळ करताना रसावर येते ती. तिच्या जोडीच्या हत्यारांची नावं तर आणखी घाण आहेत. थुंकी आणि शेंबडाच्या आसपासची. जेवताना बघणाऱ्यांसाठी इथेच थांबतो.

महत्त्वाचं असं की खेळाची गोष्ट, चित्रं, संवाद वेगळ्या फायलींत असतात आणि त्या वाचून चालवणारा प्रोग्रॅम वेगळा. २००१ साली लुडविग स्ट्रिगियस आणि व्हिन्सेंट हॅम यांनी तो वाचणारा भाग नव्यानं लिहायला घेतला. स्कमव्हीएम. जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करत बसायचं नाही, कीर्तनकार बदलायचा आणि पोथी तीच ठेवायची. म्हणून तो फोनवर चालतो, लॅपटॉपवर चालतो, वीवरही चालतो. पोथी मात्र आपली आपण आणायची. मामाकडे मूळ सीडी आहे. नसेल त्यांच्यासाठी 'बिनीथ अ स्टील स्काय' हा १९९४ चा खेळ आहे. कंपनीनंच तो २००३ पासून मोकळा केलाय.

(दृश्य: एसडी कार्ड खाचेत जातं.)

वी स्वतःहून बाहेरचा प्रोग्रॅम घेत नाही. ते कुलूप उघडलं गेलं, त्याची सुरुवात चक्क चिमट्यानं झाली. वी निन्टेंडोच्याच जुन्या गेमक्यूब कन्सोलचे खेळ चालवताना मेमरीचा थोडाच भाग उघडा ठेवतो. काही जणांनी चिमटा लावून सर्किटवरचे बिंदू एकमेकांना जोडले, तर झाकलेला भाग दिसला आणि त्यात कुलपाच्या सांकेतिक किल्ल्या. गटाचं नाव पडलं टीम ट्वीझर्स, म्हणजे चिमटे. पुढे २००८ मध्ये त्यांनी झेल्डा मालिकेतल्या एका खेळात सेव्ह फाइलमधलं घोड्याचं नाव इतकं लांब ठेवलं की ते जागेत मावेना, आणि सांडलेल्या अक्षरांतून त्यांचा प्रोग्रॅम आत शिरला.

मामानं वापरली ती नंतरची युक्ती, लेटरबॉम्ब. कार्डावर एक फाइल, वीच्या निरोपांच्या फळ्यावर लाल पाकीट, त्यावर बॉम्बचं चित्र. पाकीट फोडलं, स्क्रीनवर ओळी सरकल्या, झालं. स्क्रू एकही काढला नाही.

(दृश्य: तपकीर गल्ली. काउंटरवर प्लास्टिकच्या पुड्या.)

पणत्या कायमच्या नव्हत्याच. दर वीस मिनिटांनी वात सारायची, आणि खिडकीच्या पडद्यामागून वारं आलं की बाण समुद्रात. म्हणून तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. इन्फ्रारेड एलईडी, रेझिस्टर, थोडी वायर. तीन-तीन एलईडी एका ओळीत, प्रत्येक ओळीला एक रेझिस्टर, आणि वीज मोबाइलच्या चार्जरची, पाच व्होल्ट. एका लाकडी फुटपट्टीच्या दोन टोकांना चिकटवलं.

"लागलेच नाहीत," मी म्हणालो.

"मोबाइलचा कॅमेरा लाव."

(दृश्य: फोनच्या स्क्रीनवर फुटपट्टी. दोन्ही टोकांना जांभळट ठिपके.)

डोळ्यांना काळी पट्टी, फोनमध्ये दोन जांभळे दिवे. बाण आता सुतासारखा सरळ.

खेळ पुढे सरकला तो तलवारबाजीपर्यंत. इथं तलवार नावाला. समोरचा टोमणा मारतो, त्याला नेमकं उत्तर सुचलं तर तुम्ही पुढे. उत्तरं माहीत नसतात. रस्त्यावर हरत हरत ती गोळा करायची. आणि शेवटी जी तलवारबाजीची गुरू भेटते ती सगळे नवेच टोमणे मारते. जुनीच उत्तरं, पण कुठलं कुठे बसतं ते शोधायचं. पेठेत वाढलेल्या माणसाला हे सोपं जायला हवं. मामा सहा वेळा हरला.

सातव्या वेळी, ऐन उत्तराच्या क्षणी, चार्जरची पिन निसटली. मामा उठला, माजघरातून पणत्या घेऊन आला. दोन उत्तरं बरोबर गेली. तिसऱ्याला उजवी पणती फडफडली आणि बाण सैरभैर झाला.

"आई, विझला गं दिवा!"

आतून आजी: "विझला म्हणू नये रे. शांत झाला म्हणावं. तेल आणते, थांब."

पडद्यावर तलवार रोखून ती गुरू थांबलेली.