मामांचा वाघ आणि वानरांची टोळी

नमस्कार, श्रोतेहो.

बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर सोडून जांबोटी-कणकुंबीकडे गेलं की वानरं दिसतातच. तोंड काळं, हात-पाय काळे, शेपूट अंगाहून लांब. तिथलं भीमगडचं जंगल 2011 साली अभयारण्य झालं. ऐन, किंजळ, जांभूळ, उंबर, सगळी त्यांच्या खाण्या-निजण्याची झाडं. मुख्य खाणं पाला. इडलीचं पीठ आंबतं तसा तो पोटातल्या कप्प्यांत आंबतो, मग पचतो. पाला, श्रोतेहो, बिस्किटं नव्हेत.

जांबोटीकडे आमच्या मामांचं घर आहे. कौलारू. (कौलांचंच घर बरं. हल्ली जो तो पत्रे घालतो, एप्रिलात भाजून निघतो आणि वर म्हणतो, बेळगावची हवा बिघडली!) तर या कौलांवर मामीनं भोपळ्याचा वेल चढवलेला. वानरं यायची, कोवळी पानं-फुलं ओरबाडायची आणि जाताना चार कौलं फोडायची. मामांनी बेळगावच्या गणपत गल्लीतून वासराएवढा कापडी वाघ आणला आणि आढ्यावर बसवला.

सकाळी टोळी आली. म्होरक्यानं वाघ बघितला आणि घसा खाकरल्यागत 'खक्, खक्' सुरू केलं. जंगलात खरा वाघ, बिबट्या दिसला की हाच आवाज. खाली चरणारी चितळंही तो ऐकून सावध होतात. पिल्लं आयांच्या पोटाला चिकटली, टोळी समोरच्या फणसावर. मामा चहा पीत वाडीला ऐकवत होते, "डोकं लागतंय त्याला!"

पण वानरं निरखत होती. वाघ हलेना, की शेपूट उडवेना. आठवडा झाला असेल-नसेल, एक अर्धवट वयाचं पोर हळूच आढ्यावर आलं, वाघाची शेपटी ओढून पळालं. पुन्हा आलं, कान ओढला. संध्याकाळी मामी अंगणातून ओरडली, "अहो, तुमचा वाघ बघा की!" म्होरक्या वाघाच्या पाठीवर बसून भोपळ्याचं फूल खात होता आणि एक मादी वाघाच्या डोक्यातल्या उवा शोधत होती.

वाघ पुढे नातवंडांना मिळाला.

टोळीत बहुधा एकच मोठा नर, बाकी माद्या-पिल्लं. काळपट तान्हं पिल्लू माद्या आळीपाळीनं सांभाळतात, हे सांगायचं राहिलंच. गोव्याकडे जाणाऱ्या चोर्ला घाटात लोक गाड्या थांबवून केळी-बिस्किटं देतात, मग वानरं रस्त्यावरच बसतात आणि चाकाखाली येतात. पाला, श्रोतेहो, पाला. घाटात काचा वर ठेवा, गाडी हळू हाका. नमस्कार.